लाभ, दोन, तीन

"सूचक?" रामदास मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"जाईबाई," सुभद्रा म्हणाली.

"अनुमोदक?"

"गंगुबाई."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. जाईबाई चौदा नंबरच्या चाळीतली, सुभद्राच्याच मजल्यावरची, तेव्हा तिचं नाव येणं सरळ होतं. गंगुबाई मात्र गल्लीच्या अलीकडची, पिंपळाच्या चाळीतली. तिच्या खाणावळीत वीस गिरणी कामगार दोन्ही वेळ जेवत आणि त्यांतले निम्मे मास्तरांच्या गावचे.

"कुठली गंगुबाई? आमची?"

"तुमचीच. खाली अंगठा आहे बघा तिचा."

मास्तरांनी अंगठा पाहिला. त्याला शाईबरोबर हळदही लागली होती, त्यामुळे संशयाला जागा नव्हती.

"बरं. उमेदवार कोण, कुशाबा ना?"

"उमेदवार मी आहे मास्तर. भांडारातला त्यांचा भाग वेगळा, माझा वेगळा. दोघांचे दहा दहा रुपये भरलेत."

मास्तर काही वाईट माणूस नव्हते. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायचे, संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात दोन महिने तुरुंगात काढून आले होते, आणि सहकारी धान्य-भांडाराच्या कामात आजवर त्यांनी कुणाच्या पै-पैशाला हात लावला नव्हता. पण संचालक मंडळावर बाई बसलेली त्यांनी पाहिली नव्हती, आणि चौदा नंबरची बाई बसेल हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. फक्त हो म्हणायला जरा सवड हवी होती, म्हणून त्यांनी उगाच टाक पुसला.

"कशासाठी उभी राहतेस ते एका वाक्यात लिहावं लागतं," ते म्हणाले.

"लिहा. आमच्या चाळीचा धान्याचा वार बदलून पाहिजे."

मास्तरांनी लिहिलं. सुभद्राने खाली सही केली. प्रौढांच्या वर्गात शिकलेली सही; 'द्र' काढताना तिला अजून श्वास रोखून धरावा लागे. लिहिलेलं वाक्य खरंच होतं, पण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सांगितलं असतं तर मास्तर हसले असते, असं तिला वाटलं, आणि हसून घ्यायला ती तिथे आली नव्हती.

भांडाराचा जन्म छप्पन सालच्या जानेवारीतला. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार अशी बातमी आली, लालबाग-परळ पेटलं, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला आणि वाण्यांनी दुकानांच्या फळ्या लावून घेतल्या. कुणाच्या घरी डाळ होती तर तांदूळ नव्हता, कुणाकडे नुसतं मीठ-मिरची. त्याच आठवड्यात सुभद्राच्या दिराने गावाहून उकड्या तांदळाचं पोतं आणून टाकलं होतं. कोपऱ्यावर शिपाई उभे असताना तिने ते मागच्या जिन्यात उघडलं आणि ज्याने पिशवी पुढे केली त्याला मापून दिलं. कुठल्या चाळीचा म्हणून तिने विचारलं नाही. पिंपळाच्या चाळीतली कौसल्या तर पिशवी घ्यायचंही भान न राहून तशीच धावत आली होती. तिच्या पदरातच सुभद्राने तांदूळ ओतले.

पुढे वातावरण निवळलं तेव्हा दोन्ही चाळींतल्या माणसांना वाटलं, हे असं एकत्र धान्य आपण एरवीही का आणू नये? दहा रुपयांचा भाग, तोही हप्त्याने. पिंपळाच्या चाळीच्या तळमजल्यावर एक खोली मिळाली, दारावर पाटी लागली, आणि मापायला बसले कौसल्येचे यजमान, नाना मापारी.

नाना देवगडकडचे. तीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ खाऊन छाती धरली म्हणून घरी बसलेले. पण त्यांच्या बापजाद्यांचा धंदा खोताच्या खळ्यावर भात मापायचा, आणि तो त्यांच्या हातातून गेला नव्हता. पायली पोत्यात बुडवायची, वर आलेली शीग तळहाताच्या एका फेऱ्यात सपाट करायची, आणि दाणा न सांडता पिशवीत रिकामी करायची. त्यांच्या हातच्या मापाबद्दल चार वर्षांत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

धान्य मापताना जुनी माणसं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की धान्य एकटं पडतं, लवकर सरतं. म्हणून पहिल्या मापाला म्हणायचं लाभ, आणि मग दोन, तीन, चार. नानाही तसंच मोजत. छाती धरली असली तरी मोजताना त्यांचा आवाज मोकळा लागे, पार गल्लीच्या टोकापर्यंत जाई. महिन्याच्या पहिल्या रविवारी पिंपळाच्या चाळीचा वार असे. त्या दिवशी सकाळभर 'लाभ, दोन, तीन' चाललेलं असायचं. दर नव्या पिशवीला नवा लाभ.

दुसऱ्या रविवारी चौदा नंबरचा वार. तोवर पोत्यांच्या बुडाशी आलेला, कणी आणि खडे मिसळलेला माल उरलेला असे. आणि त्या दिवशी नाना मोजत, 'एक, दोन, तीन'.

सुभद्राला आधी वाटलं, आपण चुकून ऐकलं. मग वाटलं, आजच तेवढं झालं असेल. तिसऱ्या महिन्यात पिंपळाच्या चाळीच्या वारी ती काड्याची पेटी घ्यायच्या निमित्ताने भांडाराच्या दारात पाऊण तास उभी राहिली. बत्तीस पिशव्या झाल्या, बत्तीस वेळा लाभ झाला. काड्याची पेटी घेऊन ती घरी आली आणि चूल पेटवायचीच विसरली.

तिला हा शब्द लहानपणापासून ओळखीचा होता. तिचा बाप बुधाजी खेडजवळच्या एका खोताच्या खळ्यावर राबायचा. खोताचं भात मापलं जाई तेव्हा लाभाने, आणि शेवटी बुधाजीच्या वाट्याचं त्याच्या घोंगडीत पडे तेव्हा एकाने. बुधाजी काही बोलत नसे. भात डोक्यावर घेऊन घरी येई, हातपाय धुई, बायकोला आणि पोरीला समोर बसवी, आणि नारळाची करवंटी घेऊन ते सगळं भात पुन्हा एकदा मापी. "लाभ," तो म्हणे, आणि पहिली करवंटी बायकोच्या सुपात ओती. सुभद्राला तेव्हा तो खेळ वाटायचा. बाप जाऊन कैक वर्षं झाली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की तो खेळ नव्हता.

"येडी का काय तू, सुभे?" अर्ज भरला त्या रात्री कुशाबा म्हणाला होता. तिच्या नवऱ्याला अर्ज भरल्याचं जेवताना कळलं, आणि का भरला ते जेवण झाल्यावर. "लोकं निवडणुकीला उभी ऱ्हातात काय काय पाहिजे म्हणून. अन् तू एका शब्दासाठी?"

"वार पण बदलून पाहिजे."

"वाराचं सांगू नको मला. खरं काय ते बोललीस आत्ता."

त्याने ट्रंकेतून तिचा भागाचा दाखला काढला आणि दिव्यापाशी धरून वाचला. कुशाबा चौथी शिकलेला. छापलेलं काही हाती लागलं की मोठ्याने वाचायची त्याला हौसच होती. "हे बघ. 'सभासदास त्याच्या भागाच्या प्रमाणात लाभांश देण्यात येईल.' लिहूनच दिलंय. लाभांश!"

"अंश नको मला. अख्खा पाहिजे."

कुशाबा खो खो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून थांबला.

"नानाला सरळ सांग ना मग. म्हणावं, आमाला पण लाभ म्हणा."

"मागून घेतलेला लाभ कसला हो? त्यो म्हणंल आज, माझ्या तोंडासमोर. उद्या जाईबाईला परत एकच." ती भांडी गोळा करत होती. "संचालक झाले तर मागायला लागणार न्हाई. संचालकाच्या पिशवीत एक म्हणून कोण टाकील? अन् आमच्यातल्या एकीला म्हटलं की समद्यांना म्हणावं लागंल."

"आन् दिवाळीला काटा येणार त्याचं काय? किलो. पायलीच जाणार म्हणतात."

"म्हणून तर घाई," सुभद्रा म्हणाली.

दिवाळीपर्यंत पायली बंद करून किलोचा काटा आणायचा, असा ठराव भांडाराने केला होता. काट्यावर कुणी लाभ म्हणत नाही. काट्यावर नुसता काटा बघतात. म्हणजे तिच्या हातात सहा-सात महिने होते, आणि चौदा नंबरच्या वाट्याचे रविवार सहा-सात.

दोन जागा होत्या आणि उमेदवार तीन. एक रामजी मुकादम, आधीपासून मंडळावर असलेले. ते निवडून येणार हे त्यांच्याइतकंच सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा रघु परब, पिंपळाच्या चाळीतला पंचविशीचा तरुण, समितीच्या प्रत्येक मोर्चात पुढे. आणि तिसरी सुभद्रा. मतदान हात वर करून, एका सभासदाने दोनदा हात वर करायचा. चौदा नंबरचे सभासद एकतीस, पिंपळाच्या चाळीचे त्रेसष्ट. म्हणजे गल्ली ओलांडल्याशिवाय सुभद्राला गत्यंतर नव्हतं.

पहिली पाळी सुटली की ती गिरणीच्या वाइंडिंग खात्यातून थेट पिंपळाच्या चाळीत यायची. केसांत सुताचे तंतू तसेच. गंगुबाई तिला घेऊन गॅलरीतून फिरायची आणि सुभद्राला बोलू म्हणून द्यायची नाही.

"ही सुभद्रा. छप्पन साली तुमी हिचा तांदूळ खाल्लात. आता हात वर करताना पोटाला इचारा," गंगुबाई दारादारांत सांगायची. आपल्या खाणावळीतल्या वीस जणांना तर तिने वेगळंच सांगितलं होतं. "जेचा हात वर दिसणार नाय, तेच्या आमटीत उद्यापासून डाळ शोधून काढायची."

"आज तरी कुठे सापडते?" एकजण म्हणाला, आणि त्या दिवशी त्याला खरंच सापडली नाही.

गॅलरीच्या टोकाला नानांची खोली. सुभद्राला तिथे जायचं नव्हतं, पण नाना दारातच आरामखुर्चीत बसले होते आणि त्यांनीच हाक मारली.

"काय गो सुभद्रा, उभी रवलंस म्हणे? बरा केलंस. कामाची बाई असस तू. माका विचारशीत तर हे भांडार उभा रवला ता तुझ्याच पोत्यावर."

ते मनापासून बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत कसलंही कपट नव्हतं, आणि लाजही नव्हती. सुभद्रा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकं गोड बोलणारं हे तोंड आणि दुसऱ्या रविवारी 'एक' म्हणणारं तोंड एकच कसं, हे तिला कळेना. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. ह्या म्हाताऱ्याचं काय करायचं?

"येते नाना," ती म्हणाली. आतून कौसल्या बाहेर आली आणि नवऱ्याची पाठ वळलेली बघून सुभद्राचा हात दाबला. "माझो हात तुकाच," ती कुजबुजली.

होळी होऊन आठवडा झाला होता. रविवारी दुपारी चार वाजता पिंपळाच्या पारासमोर सभा भरली. सतरंज्या अंथरल्या होत्या. डावीकडे पिंपळाची चाळ बसली, उजवीकडे चौदा नंबर. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण दरवर्षी तसंच होई. मे महिन्यात मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य होणार हे एव्हाना नक्की झालं होतं, त्यामुळे मास्तरांच्या भाषणात 'संयुक्त' हा शब्द पुष्कळदा आला. दोन सतरंज्यांच्या मधून एक माणूस जाईल एवढी वाट मात्र तशीच होती.

हात मोजायचं काम नेहमीप्रमाणे नानांकडे. आवाज मोठा आणि माप चोख, दुसरं कोण मिळणार? ते काठी टेकत पुढे आले.

"रामजी मुकादम," मास्तर म्हणाले. हात वर झाले. नाना बोट दाखवत रांगांतून निघाले. "लाभ, दोन, तीन, चार…" शेवटी बासष्टवर थांबले. कुणाला काही वेगळं वाटलं नाही. नाना माणसंही तांदळासारखीच मोजतात, ह्याची गंमत आता जुनी झाली होती.

"रघु परब."

"लाभ, दोन, तीन…" अठ्ठेचाळीस.

"सुभद्रा कुशाबा जाधव."

उजवीकडचे सगळे हात एकदम वर गेले. मग डावीकडे गंगुबाईचा, मग खाणावळीतले, काही ताठ, काही खांद्यापर्यंतच आलेले. नवऱ्यांच्या पाठीआड बसलेल्या दोन-चार बायकांची बोटं तेवढी दिसत होती. सुभद्रा मान खाली घालून बसली होती. तिने डोळे मिटले. ती हात बघत नव्हती, ऐकत होती. आत्ता चौदा नंबरच्या तांदळाचा प्रश्न नव्हता. सगळ्यांच्या देखत, मास्तरांच्या देखत, नाना तिच्या नावाचं माप घालणार होते.

नाना उजव्या सतरंजीच्या पहिल्या रांगेपाशी आले. तिथे जाईबाई बसली होती, सुरकुतलेला हात उंच धरून.

"एक," नाना म्हणाले. "दोन, तीन…"

"नाना." जाईबाईने हात खाली घेतला नाही. सत्तरीची बाई, आवाज बारीक, पण सभा त्या वेळी अगदी गप्प होती. "रामजीचा लाभ झाला. रघूचा लाभ झाला. आमची सुभद्रा येवढी एक कशी वो?"

नाना थांबले. त्यांना आधी काही समजलंच नाही. त्यांनी जाईबाईकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आपल्या पुढे केलेल्या बोटाकडे पाहिलं. मग समजलं. ते समजताना सगळ्यांनी बघितलं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला, तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"मी…" ते म्हणाले. "मी काय म्हटलंय?"

डावीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. उजवीकडचं कुणी हसलं नाही. चार वर्षं जे ते ऐकत होते, ते आपल्यालाच ऐकू येतं अशी प्रत्येकाची समजूत होती. आता ते एकमेकांकडे बघत होते. सुभद्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने नवऱ्याखेरीज कुणाजवळ न बोललेली गोष्ट पारासमोर उघडी पडली होती.

नानांनी पुन्हा मोजायला बोट उचललं. ते पहिल्या हातापाशीच अडलं.

"राहू द्या नाना, बसा तुम्ही. मी मोजतो," मास्तर घाईने म्हणाले, आणि त्यांनी शाळेत मुलं मोजतात तसं मोजलं. एक, दोन, तीन. सेहेचाळीस.

म्हणजे दोन हातांनी सुभद्रा पडली. मास्तरांनी निकाल वाचला, टाळ्या झाल्या, रामजी मुकादमांनी पेढे आणलेच होते. सुभद्राने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि पदरात बांधला. रात्री कुशाबाने अर्धा खाल्ला. "सेहेचाळीस म्हणजे आपल्यातले एकतीस सोडून पंधरा," तो म्हणाला. "गल्लीपलीकडचे पंधरा हात, सुभे. कुणाला खरं वाटंल?" तिने मान हलवली. त्याला बरं वाटावं म्हणून हसलीही. मग दिवा बारीक करून बराच वेळ भिंतीकडे तोंड करून रडली. कुशाबा जागा होता. त्याने तिला रडू दिलं.

एप्रिलच्या दोन्ही रविवारी नाना भांडारात आले नाहीत. छातीने उचल खाल्ली, असं कौसल्येने कळवलं. त्यांच्या जागी रघु बसला. तो मनातल्या मनात मोजायचा, मधेच चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मापायचा. दोन्ही चाळींना एकसारखाच त्रास झाला. पण पोरगा शब्दाचा पक्का निघाला. निवडणुकीनंतर दुसऱ्याच दिवशी तो सुभद्राला गिरणीच्या फाटकापाशी गाठून म्हणाला होता, "काकी, तुमचा वाराचा मुद्दा पहिल्याच मीटिंगला मांडतो. तुमच्या नावानं मांडतो." आणि त्याने मांडला. एक महिना पहिला रविवार ह्या चाळीचा, एक महिना त्या चाळीचा. मे महिन्यापासून सुरुवात, आणि तीही चौदा नंबरपासून. अर्जावर लिहिलेलं वाक्य असं पुरं झालं.

महिनाअखेरीला एकदा कौसल्या नळावर भेटली. हंडा भरून झाला तरी ती हलेना.

"धड जेवत नाहीत गो," ती शेवटी म्हणाली. "म्हणतत, माका ठाऊकच नव्हता मी काय म्हणतंय ता. खोताच्या खळ्यार बापाशीनं शिकवलेला. घरच्या भाताक लाभ, त्यांच्या वाट्याक एक. तोंडात बसला ता बसला."

"मला ठाऊक होतं," सुभद्रा म्हणाली. "चार वर्षं."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

सुभद्राने आपला हंडा नळाखाली सरकवला. काय सांगायचं हिला?

कौसल्येने डोळ्यांना पदर लावला. "मी आठवण दिली त्यांका. म्हटलं, कर्फ्यूत माझ्या पदरात तांदूळ घातल्यान, तेव्हा पहिल्या मापाक काय म्हटल्यान ता माका इचारा. लाभ म्हटल्यान. गोळये सुटत हुते भायर, तरी लाभ म्हटल्यान. ता आयकल्यापासून तर बोलतच नाय कोणाशी."

सुभद्राला ते आठवतही नव्हतं. म्हटलं असेल. दुसरं काय म्हणणार होती ती?

मे महिन्याचा पहिला रविवार आला तो एक तारखेलाच. राज्य मध्यरात्री आलं आणि तांदूळ सकाळी आठला. शिवाजी पार्कची रोषणाई बघायला गेलेली माणसं पहाटे परतली होती. गल्लीवर ह्या चाळीपासून त्या चाळीपर्यंत पताका लागल्या होत्या. डोळे चोळत चौदा नंबरची रांग भांडारासमोर उभी राहिली, आणि दार उघडलं तर पोत्यापाशी नाना. वाळले होते. दाढी केलेली होती, सदरा धुतलेला होता.

रांगेत सुभद्रा पहिली होती. ती काही आधी येऊन उभी राहिली नव्हती. बायकांनीच तिला पुढे ढकललं होतं.

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नव्या पोत्याची शिवण उसवली. पोत्याच्या तोंडचा तांदूळ, स्वच्छ, न फुटलेला. त्यांनी पायली बुडवली, वर काढली, शीग तळहाताने सपाट केली. सुभद्राने पिशवीचं तोंड पसरून धरलं. पायली पिशवीवर आली आणि थांबली.

नानांचे ओठ हलले. एक हा शब्द आता त्यांच्याने म्हणवत नव्हता. दुसरा शब्द घशाशी आला होता, पण तो ह्या बाईसमोर, इतक्या वर्षांनी, कुठल्या तोंडाने काढायचा? त्यांची मान खाली गेली. पायली हातात कलली. चार-दोन दाणे पिशवीच्या काठावरून जमिनीवर सांडले. नानांच्या हातून सांडलेले ते पहिलेच दाणे असावेत.

वाट बघावी, असं सुभद्राच्या मनात आलं. चार वर्षं थांबलो, आणखी थोडं. म्हणू देत त्यांना. तो शब्द तिच्या पिशवीत त्यांच्याच तोंडून पडायला हवा होता, आणि तो आता अगदी जवळ आला होता. पण ती बघत होती ते त्यांच्या मनगटाकडे. भरलेली पायली पेलत नव्हती. अशाच एका थकलेल्या मनगटाने तिचा बाप करवंटी धरायचा, दिवसभर राबून आल्यावर, हातपाय धुऊन.

"लाभ," सुभद्रा म्हणाली. मोठ्याने नाही, पण रांगेच्या शेवटापर्यंत गेलं.

नानांनी पायली ओतली.

"दोन," ते म्हणाले. आवाज बसला होता. "तीन."

सुभद्राने पिशवीचं तोंड आवळलं आणि ती कमरेवर घेतली. "येते नाना."

"हां," नाना म्हणाले.

ती दाराबाहेर पडली. पायरी उतरताना मागे पायली पोत्यात शिरल्याचा आवाज आला. रांगेत आता जाईबाई होती, पिशवी झटकून पसरल्याचं ऐकू आलं.

"लाभ!" नाना म्हणाले. मोकळ्या, खळ्यावरच्या आवाजात, पार गल्लीच्या टोकापर्यंत.

सुभद्राने वळून पाहिलं नाही. पिशवी जड होती. तिने ती ह्या कमरेवरून त्या कमरेवर घेतली आणि पताकांखालून गल्ली ओलांडली.